सर्वकालीन भारतीय संघ कसा निवडावा?

भारताचा सर्वकालीन फुटबॉल संघ निवडताना होसकोटे येथील आमच्या वसतिगृहात सगळे आधी गोल मोजतात. मी जागा मोजतो. गोलरक्षक सैन्यातले पीटर थंगराज. आघाडीला बेंगळुरू एफसीचे सुनील छेत्री आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर ३ गोल करणारे नेव्हिल डिसोझा. पण सर्वांत आधी नाव लिहितो जर्नैलसिंग यांचे. ते बचावपटू. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडलेले असताना प्रशिक्षक रहीम यांनी त्यांना आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला आणि भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. संघाला गरज असेल त्या जागी जो उभा राहतो, त्याची निवड पहिली.