औषध अंगात जाऊन काय करते?

आपल्या लोहाऱ्याहून यवतमाळ जवळच. तिथल्या सरकारी दवाखान्यात 2017 च्या पावसाळ्यात एकामागून एक शेतकरी आणि मजूर येऊ लागले. कपाशीवर फवारणी करता करता त्यांना विष बाधले होते. त्या साली जिल्ह्यात शेकडो माणसे आजारी पडली. वीसहून अधिक दगावली.

तुम्ही म्हणाल, "फवारताना कुणी विष पितं का? मग ते अंगात गेलं कसं?" तेच आज आपण समजून घेऊ.

अंगाला दारे अनेक आहेत. तोंड हे एक दार. नाक दुसरे. कातडी तिसरे. सुई चौथे. कोणत्याही दाराने औषध आत जावो, ते रक्तात मिसळते. रक्त ते अंगभर फिरवते. पंप गळला, सदरा भिजला, की विष कातडीतून आत शिरते. ओला सदरा दिवसभर अंगावर राहिला, तर ते दिवसभर शिरत राहते.

आत जाऊन ते काय करते? विहिरीवरची मोटर आठवा. बटण दाबले की पाणी सुरू. काम झाले की आपण ती बंद करतो. अंगातही तसेच आहे. मज्जातंतू निरोप देतात. मग लाळ सुटते, घाम येतो, हातपाय हलतात. काम झाल्यावर तो निरोप पुसणारा एक पदार्थ अंगातच असतो. फवारणीची बरीच विषे त्या पदार्थालाच बांधून टाकतात. मग मोटर थांबतच नाही! घाम, लाळ, डोळ्यांचे पाणी वाहत राहते. डोळ्यांची बाहुली बारीक होते. छातीत पाणी साठून दम कोंडतो.

अशा वेळी डॉक्टर अ‍ॅट्रोपीनची सुई देतात. ती विष काढून टाकत नाही. निरोप जिथे पोचतो, ती जागा अडवून धरते. म्हणून लाळ आटते, श्वास मोकळा होतो. पण प्रत्येक विषावर हा उतारा चालत नाही. कोणते विष, हे डॉक्टरांना कळले पाहिजे.

हेच अ‍ॅट्रोपीन बांधावरच्या धोतऱ्यातही असते. धोतरा खाल्ला तर घसा सुकतो, माणूस बरळतो, जीवही जातो. वस्तू तीच. मापात औषध, मापाबाहेर विष! पानात ते किती आहे, हे आपल्याला मोजता येत नाही. म्हणून धोतऱ्याचा उतारा घरी कधीही देऊ नका.

तापाच्या गोळीचंही असंच. यकृत ती मोडते, मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकते. त्याला वेळ लागतो. "ताप उतरला नाही, घे आणखी एक," असं करू नये. पहिली आत असताना दुसरी पडली, तर माप वाढते. लेकराचे अंग लहान, म्हणून त्याचे मापही लहान.

लक्षात ठेवा
1. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नका.
2. विष अंगावर सांडले, तर कपडे लगेच काढा. साबणाने अंग धुवा.
3. गरगरले, दम लागला, तर 108 ला फोन करा. औषधाचा डबा दवाखान्यात दाखवा.

सांगा पाहू
1. औषध कोणकोणत्या दारांनी अंगात जाते?
2. लेकराला मोठ्या माणसाएवढी गोळी का देऊ नये?