परसातील कोंबड्या

कोकणात मृगाचा पाऊस लागला, की घरधनिणीला परसातील खुराड्याची काळजी वाटू लागते. दोन कोंबड्या दगावल्या, तरी गरिबाघरी मीठमिरचीची ओढाताण होते. खुराड्यात भाताचे तूस पसरावे व भिजलेले तूस लगेच काढावे. ओलीत रोग लवकर जडतो. उन्हाळ्याची तऱ्हा निराळी. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकू लागली, की तिला सावली व गार पाणी द्यावे. दाटीत कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात. हा दोष कोंबडीचा नव्हे, खुराड्याचा! खुडूक कोंबडी मात्र एका जागी ठाण मांडून बसते व जवळ जाणाऱ्यास टोचते. तिच्याखाली फलित अंडी ठेवली, तर २१ दिवसांनी पिले बाहेर येतात. तोवर ती दाणापाण्यासाठीही क्वचितच उठते.