मासोळी खाल्ली अन् नाक चोंदलं : दोष कुणाचा, ते ओळखायचं कसं?



बाजारात मासोळी घेऊन बसणाऱ्या आपल्या ताईंना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं, "नको बाई, मला सायनस आहे, मासोळी सोसत नाही." गिऱ्हाईक निघून जातं. काही घरांत तर आपलेच सभासद लेकराला सरदी झाली की मासोळी बंद, दही बंद, केळी बंद, संत्री बंद करून टाकतात. दुसरीकडं असंही आहे की एखाद्याला मासोळी खाल्ल्यावर ओठ सुजतात, घसा आवळतो, आणि घरचे म्हणतात "काही नाही, पित्त आहे, होईल बरं." पहिल्यात आपला धंदा जातो आणि लेकराच्या ताटातलं सकस अन्न जातं. दुसऱ्यात माणूस जाऊ शकतो. म्हणून आजचा लेख थोडा लांब आहे, सावकाश वाचावा.

आधी सायनस म्हणजे काय ते पाहू. तो मुळात आजार नाही, ती जागा आहे. गालाच्या हाडात, कपाळात, डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या मागं अशा हवेच्या पोकळ्या सगळ्यांनाच असतात. त्यांत पातळ चिकट पाणी तयार होतं आणि बारीक छिद्रांतून नाकात उतरतं. गालातल्या पोकळीचं छिद्र तळाशी नसून वरच्या बाजूला आहे. टाकीची तोटी बुडाला न लावता वर लावावी तसं. सूक्ष्म केसांसारखे तंतू ते पाणी वर ढकलत नेतात. नाकाची आतली कातडी सुजली की छिद्र बुजतं, पाणी तुंबतं, डोकं जड होतं, वाकलं की गाल ठणकतो. म्हणजे खरा प्रश्न असा आहे की नाकाची कातडी सुजते कशानं? सरदीच्या विषाणूनं, धुळीनं, फुलांच्या परागानं, बुरशीनं, धुरानं. खाण्यानंही सुजू शकते, पण इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. खऱ्या अन्न-ॲलर्जीत नुसतं नाक चोंदलं आणि बाकी काहीच नाही, असं क्वचितच होतं. अंगावर गांध्या, ओठ-डोळे सुजणं, तोंडाला खाज, उलटी, पोटात कळ, यातलं काही ना काही सोबत असतं. वर्षभर फक्त नाकच चोंदत असेल तर संशय ताटाच्या आधी गादी-उशीतल्या धुळीवर घ्यावा.

आता तिखटाचं बोलू. आपल्याकडचा सावजी रस्सा ओरपला की कुणाचं नाक वाहत नाही? मिरचीतला तिखटपणा नाकातल्या नसा चाळवतो आणि पाणी सुटतं. दोन्ही नाकपुड्या, पातळ पाणी, जेवण आटोपलं की थोड्या वेळात बंद. खाज नाही, सूज नाही. याला ॲलर्जी म्हणत नाहीत. मासोळीचा रस्सा आपण तिखटजाळ करतो आणि नाव मासोळीचं होतं. अशा माणसानं एकदा तीच मासोळी हळद-मीठ लावून, कमी तिखटाची खाऊन पाहावी.

मग माशाची ॲलर्जी नसतेच का? असते, आणि चांगली जोरात असते. उलट ॲलर्जी रक्तातून चालते हे जगाला कळलं तेच माशामुळं. सन १९२१ ची गोष्ट. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात (आता ते पोलंडमध्ये आहे) प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर असे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरला शिजवलेला मासा सोसत नसे. प्राउस्निट्झला मासा चालायचा. त्यानं क्युस्टनरच्या रक्तातलं पाणी काढून स्वतःच्या कातडीत टोचलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथं गांधी उठली! म्हणजे क्युस्टनरच्या रक्तात असं काहीतरी होतं, जे माशाला ओळखून दंगा करत होतं. ते 'काहीतरी' नेमकं काय, हे सापडायला पुढं ४५ वर्षं लागली. १९६६-६७ साली अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी जोडपं आणि स्वीडनमधले संशोधक यांनी वेगवेगळं काम करून ते शोधलं. त्याला आज आयजीई म्हणतात. ॲलर्जीची रक्ततपासणी लिहून देतात ती याचीच.

माशातल्या ज्या पदार्थावर हा दंगा होतो तो म्हणजे पार्व्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन. ते माशाच्या पांढऱ्या मांसात जास्त असतं आणि शिजवल्यानं, तळल्यानं नष्ट होत नाही. म्हणून "चांगलं खरपूस तळून दे, मग नाही होणार" हा सल्ला ॲलर्जीवाल्याला कुणी देऊ नये. दुसरं म्हणजे रोहू, कटला, मृगल हे तिन्ही एकाच कुळातले. रोहूनं ज्याच्या अंगावर खरोखर गांध्या उठल्या, त्याला "मग कटला घेऊन जा भाऊ" असं म्हणून विकू नका. बाकीच्या माशांचंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

झिंग्यांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांच्यातलं प्रथिन दुसरंच, ट्रोपोमायोसिन. ज्याला झिंगे सोसत नाहीत त्याला रोहू चालू शकतो, आणि उलटही. गंमत अशी की घरातल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांत याच जातीचं प्रथिन असतं. त्यामुळं धुळीनं शिंकणाऱ्या काही लोकांना झिंगे खाल्ले की तोंड खाजतं. खेकड्याचंही तेच. मासोळी साफ करणाऱ्या ज्या ताईंच्या हाताला पुरळ येतं, खाज सुटते, त्यांनी मोजे वापरावेत आणि कातडीच्या डॉक्टरला एकदा दाखवावं. हात फाटलेले असताना माशाचं पाणी सतत आत जात राहणं चांगलं नाही.

आता या लेखातली आमच्या दृष्टीनं सगळ्यात कामाची गोष्ट. बांगडा, टूना, तारली, सुरमई असे समुद्राचे मासे बर्फ घालून दुरून येतात. वाटेत बर्फ वितळला, मासा गरम राहिला, की त्याच्या मांसातल्या हिस्टिडिन नावाच्या पदार्थापासून जंतू हिस्टॅमिन तयार करतात. ॲलर्जीच्या वेळी आपलं शरीर स्वतः जे सोडतं तेच हे हिस्टॅमिन. इथं ते बाहेरूनच तयार होऊन ताटात येतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लालबुंद, डोकं ठणकणं, छातीत धडधड, अंगावर गांध्या, जुलाब. खाताना जिभेला मिरीसारखं चुरचुरतं असंही पुष्कळ जण सांगतात. मासा दिसायला, वासाला ठीक असू शकतो. आणि उकळा, तळा, फ्रीजमध्ये ठेवा, एकदा तयार झालेलं हिस्टॅमिन जात नाही.

हे ॲलर्जीसारखंच दिसतं, म्हणून माणूस आयुष्यभर मासा सोडतो. पण ओळख सोपी आहे. एकाच माशातून जेवलेल्या दोघा-चौघांना एकदम त्रास झाला तर मासा बिघडलेला. एकालाच झाला, आणि दर वेळी होतो, तर ॲलर्जीचा संशय. हिस्टॅमिनचा त्रास बहुतेक दिवसभरात उतरतो, तरी दवाखान्यात जावंच. आपल्या देशात अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा माशांतल्या हिस्टॅमिनला मर्यादा घालून दिली आहे. याचा आपल्या कामाशी संबंध सरळ आहे. जाळ्यातून निघालेली मासोळी उन्हात डोंग्याच्या बुडाशी पडून राहता कामा नये. किलोला किलो बर्फ, आणि तोही वर नुसता शिंपडून नाही, थरावर थर. गोड्या पाण्याच्या मासोळीत हा त्रास कमी ऐकू येतो म्हणून आपण ढिलाई करायची असं नाही.

सुक्या मासोळीचंही तसंच. सुकट, बोंबील, सोडे नीट न सुकवता ओलसर ठेवले की बुरशी धरते. त्या पिशवीत हात घालून निवडताना शिंका येतात, नाक चोंदतं, आणि आपण म्हणतो "सुकट खाल्ली म्हणून झालं." खाण्याच्या आधीच झालेलं असतं ते, हुंगून!

ताटात मासोळीसोबत आणखी काय होतं तेही बघायला पाहिजे. तळलेल्या तुकड्याला बेसन असतं, रश्शात शेंगदाण्याचा कूट, खोबरं, खसखस असते. हरभरा आणि शेंगदाणा या दोन्हींची ॲलर्जी असते. वांग्यानं तोंड खाजणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेत वांग्याच्या ॲलर्जीचा अभ्यासही झालेला आहे. दारूनं नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, नाक चोंदतं. पार्टीत मासोळी आणि मोहाची दोन्ही असेल तर दुसऱ्या दिवशी दोष मासोळीचाच का? ज्यांना दमा आहे, नाकात मांस वाढलेलं आहे आणि ॲस्पिरिनसारख्या दुखण्याच्या गोळीनं धाप लागते, अशांना दारूनंही जास्त त्रास होतो. त्यांनी ही गोष्ट डॉक्टरला आवर्जून सांगावी.

दुधानं कफ वाढतो म्हणतात. ऑस्ट्रेलियात १९९० साली सरदी झालेल्या लोकांवर मोजून पाहिलं, तर दूध जास्त पिणाऱ्यांच्या नाकातून जास्त शेंबूड आला नाही. दूध लाळेत मिसळून घट्ट लागतं, तो कफ नव्हे. मासोळी आणि दूध एकत्र खाल्लं की कोड येतं, हेही घरोघरी. चरकसंहितेत हे दोन्ही एकत्र खाऊ नये असं आहे खरं. ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं. पण कोड त्यामुळं येतं असा पुरावा आजच्या वैद्यकात नाही. बंगालात दह्यातली मासोळी पिढ्यानपिढ्या खातात.

आपल्या भागात नाकाला छळणाऱ्या, न खाता लागणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. गाजर गवत घ्या. भारतात त्याची नोंद १९५६ साली पुण्यात झाली, आज आपल्या बांधावर, जलाशयाच्या काठावर सगळीकडं आहे. त्याच्या परागानं नाक वाहतं, उपटताना अंग खाजतं. कपाशी आणि संत्र्यावरची फवारणी घ्या. तिच्यानं नाक-डोळ्यांतून पाणी, मळमळ, धाप होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं शेतकरी-मजूर दगावले होते. फवारणी करून घरी येऊन जेवला आणि मळमळलं, तर "जेवण सोसलं नाही" म्हणून झोपू नका, दवाखाना गाठा.

मग आपलं आपण ओळखायचं कसं? एक शंभर पानी वही घ्या. त्रास झाला की त्याच दिवशी लिहा : काय खाल्लं (मसाल्यासकट), किती वाजता, त्रास किती वेळानं, काय काय झालं, किती वेळ टिकलं, सोबत कोण जेवलं आणि त्यांना काय झालं. त्या दिवशी फवारणी, झाडलोट, गवत, पाऊस, दारू, कोणती गोळी, तेही. महिनाभराची वही डॉक्टरपुढं ठेवली तर तपासणीचा खर्च पुष्कळ वाचतो. आपल्याकडं एक सोय आयतीच आहे. पावसाळ्यात दोन महिने आपली मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घरात ना ताजी मासोळी ना सुकी, तरी नाक तसंच चोंदलेलं, तर मासोळी सुटली! नाक मोकळं झालं तर मात्र लगेच निकाल देऊ नका. पावसानं धूळही बसलेली असते. बंदी उठल्यावर खाऊन काय होतं ते लिहा, तेव्हा कळेल.

पण हे खाऊन बघणं फक्त नाक-डोक्याच्या किरकोळ तक्रारीसाठी. ज्याचे ओठ, जीभ, घसा एकदा जरी सुजला, धाप लागली, चक्कर आली, त्यानं घरी अजिबात प्रयोग करू नये. नाक किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जावं. कातडीवर थेंब टाकून टोचून करतात ती चाचणी किंवा आयजीईची रक्तचाचणी ते सांगतील. नुसती चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी असं नव्हे, वहीशी जुळली पाहिजे. आयजीजी नावाची, शंभर पदार्थांची यादी हातात देणारी महागडी तपासणी कुणी गळ्यात मारत असेल तर पैसे घालवू नका. ती आपण काय खाल्लं एवढंच सांगते. पाकिटातलं खाणं घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. मासा, झिंगे-खेकडे, शेंगदाणे, दूध, अंडी, सोयाबीन, गहू आणि सल्फाइट असेल तर तसं छापणं बंधनकारक आहे.

नाक धुण्याचं विचारतात. मिठाचं पाणी चांगलं, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. जलाशयाचं, विहिरीचं, नळाचं कच्चं पाणी नाकात ओढू नका. गोड्या कोमट पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूत जातो. केरळात २०२४ मध्ये त्यानं लेकरं दगावली. चोंदलेलं नाक झटकन मोकळं करणारे थेंब तीन-चार दिवसांपेक्षा जास्त घातले तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं.

आणि कुणाला खाल्ल्यावर घसा आवळला, आवाज बसला, धाप लागली, अंग गार पडून चक्कर आली, तर लिंबू-सरबत, तूप, ओकारी काढणं यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन लावा. चक्कर असेल तर आडवं निजवून पाय उंच करा, धाप असेल तर टेकून बसवा, उभं करून चालवू नका. यावर औषध म्हणजे मांडीत द्यायचं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. दवाखान्यात शिरताच "मासोळी खाऊन इतक्या मिनिटांत झालं" हे पहिलं वाक्य सांगा. बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका, काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो.

वहीची पानं कशी आखायची त्याचा एक नमुना समितीच्या कार्यालयात लावला आहे. बाजारात बसणाऱ्या ताईंनी त्याचा फोटो काढून नेला तरी चालेल.