मुलाला 'दुखतंय' म्हणू द्या

गेल्या अंकात या पानावर आपण मुलींच्या पाळीविषयी वाचले. मुलीला पाळी आली की आई, मावशी, आशाताई, शाळेतल्या बाई असे कोणी ना कोणी तिला चार शब्द सांगते. मुलाला मिसरूड फुटते तेव्हा मात्र त्याला कोणीच काही सांगत नाही. तो शिकतो ते नाक्यावरच्या पोरांकडून आणि मोबाइलवरून. सगळ्यात आधी त्याच्या कानावर पडतो तो एकच धडा: पुरुषाने सहन करायचे, बोलायचे नाही. या धड्याने आपल्या मुलांच्या तब्येतीचे काय नुकसान होते आणि घरातल्या माणसांनी काय करावे, ते या अंकात पाहू.

शरीरात काय बदलते

मुलगे साधारण ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान वयात येऊ लागतात. पहिला बदल वृषणांत होतो, म्हणजे बोलीत आपण ज्यांना गोट्या म्हणतो त्या मोठ्या होऊ लागतात. मग जांघेत आणि काखेत केस येतात, लिंग वाढते, उंची भराभर वाढते, आवाज फुटतो, चेहऱ्यावर मुरुमे येतात. मुली बहुधा मुलांच्या वर्ष-दोन वर्षे आधी वयात येतात. त्यामुळे सातवीतला मुलगा वर्गातल्या मुलींपेक्षा बुटका दिसला तर त्यात काही कमी नाही. वयाच्या १४ वर्षांपर्यंत एकही बदल दिसला नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

काही गोष्टी मुलांना मनातल्या मनात छळतात. एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडे खाली असते. हे बहुतेक सगळ्या पुरुषांत असते. वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलांच्या छातीत थोडी गाठ किंवा फुगीरपणा येतो, हात लागला की दुखते. हा हार्मोनच्या बदलाचा परिणाम आहे आणि बहुतेकांचा तो सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातो. पण वर्गातली पोरे चिडवतात, म्हणून मुलगा शर्ट काढायला लाजतो, पोहायला जात नाही, कधी शाळाही बुडवतो. घरी कोणी एवढेच सांगितले असते की 'हे होतं, जातं', तर त्याचे ओझे उतरले असते.

'धातू जाण्याची' भीती

झोपेत वीर्य बाहेर पडणे याला आपल्याकडे 'स्वप्नदोष' म्हणतात. या नावातच दोष घुसवला आहे. खरे तर मुलींची पाळी जितकी नैसर्गिक, तितकेच हेही नैसर्गिक आहे. शरीर वीर्य सतत तयार करत असते, त्यातले काही झोपेत बाहेर येते. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे कित्येक थेंब, ही समजूत पूर्ण खोटी आहे. वीर्य रक्त आटवून बनत नाही. ते गेल्याने अशक्तपणा येत नाही, गाल बसत नाहीत, पाठ दुखत नाही. हस्तमैथुनाबद्दलही हेच खरे.

ही भीती कोणाच्या फायद्याची आहे ते पाहा. स्टेशनबाहेर, पुलाखाली, सार्वजनिक मुतारीत 'गुप्तरोग', 'मर्दानी ताकद' अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. तिथे जाणारा मुलगा आजारी नसतो, घाबरलेला असतो. मग चूर्ण, तेल, गोळ्या यांच्यावर घरातले कष्टाचे पैसे जातात आणि रोग मुळात नसतोच.

दुसरे दुकान जिमच्या आसपास चालते. लवकर बॉडी व्हावी म्हणून काही ठिकाणी मुलांना स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शने दिली जातात. यांनी दंड फुगतात, पण वृषण आकसतात, मूल होण्याची क्षमता घटते, छाती वाढते, यकृत आणि हृदयावर ताण येतो. वाढत्या वयात घेतली तर हाडांची वाढ लवकर थांबून उंचीही खुंटू शकते. पुरुष दिसण्यासाठी घेतलेले औषध पुरुषाच्याच शरीराचे नुकसान करते. व्यायाम जरूर करावा. अंडी, शेंगदाणे, चणे, डाळ, दूध खावे. सुई टोचून घेऊ नये.

हे दुखणे सकाळपर्यंत थांबवू नका

हा भाग घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. १२ ते १८ या वयात एखाद्या मुलाच्या वृषणाला आत पीळ पडू शकतो. त्याचा रक्तपुरवठा बंद होतो. एका बाजूला अचानक जोराची कळ येते, सूज येते, मळमळते, उलटी होते. कधी कळ फक्त ओटीपोटात जाणवते, कधी मुलगा झोपेतून कळवळत उठतो. खेळताना मार लागल्यानंतरही हे होऊ शकते आणि काहीही न लागताही होऊ शकते.

पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेक वेळा वाचते. जितका उशीर, तितका धोका जास्त. २४ तास उलटले तर ते वाचण्याची आशा फार थोडी राहते आणि काढून टाकावे लागते. एक वृषण गेले तरी दुसरे चांगले असेल तर मुलाचे पुढचे आयुष्य सहसा अडत नाही, पण जे वाचू शकत होते ते का गमवावे? उशीर होण्याचे मोठे कारण लाज असते. मुलगा आईला सांगत नाही, वडिलांना घाबरतो, 'पोटात दुखतंय' एवढेच म्हणतो आणि पांघरूण घेऊन पडून राहतो. अशा वेळी शेकत बसू नका, दुकानातून गोळी आणू नका. रात्र असली तरी सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. निघताना मुलाला काही खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते.

मन दुखते तेव्हा

जी लाज शरीराचे दुखणे लपवते, तीच मनाचेही लपवते. लहानपणापासून मुलगा ऐकतो: 'मुलगा असून रडतोस?', 'बायल्या आहेस का?', 'हातात बांगड्या भर.' रडणे बंद होते, दुःख बंद होत नाही. ते रागातून, मारामारीतून, गुटखा-मावा-खर्ऱ्यातून, दारूतून बाहेर येते. मित्रांच्यात पुडी नाकारली तर 'अजून पोरगाच आहेस' म्हणतात, म्हणून बारा-तेरा वर्षांचा मुलगा ती तोंडात टाकतो. पुढे तोंड उघडेनासे होते, जेवण तिखट लागते आणि कर्करोगाचा धोका वाढतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात १,६४,०३३ लोकांनी आत्महत्या केली. त्यांत १,१८,९७९ पुरुष होते, म्हणजे दर दहांत सात. त्याच वर्षी आत्महत्या केलेल्यांत ४२,००४ जण रोजंदारीवर काम करणारे होते. ही आपल्या वस्त्यांतल्यासारखीच कष्टकरी माणसे होती. आत्महत्येची कारणे अनेक असतात. पण मदत मागणे म्हणजे कमीपणा असे ज्याला शिकवले, तो कडेलोट होईपर्यंत कोणाला काही सांगत नाही.

आणखी एक गोष्ट दडपली जाते. लैंगिक अत्याचार मुलांवरही होतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या बालकांनी असा अत्याचार झाल्याचे सांगितले त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. मुलगा असे काही सांगू लागला तर हसण्यावारी नेऊ नका, 'तू काय करत होतास?' असे विचारू नका. 'तू सांगितलंस हे चांगलं केलंस, तुझी चूक नाही,' हे पहिले वाक्य असू द्या.

कडकपणा कुठून येतो

आपली मुले उगाच कडक होत नाहीत. वस्तीचे नाव सांगितले की समोरच्याची नजर बदलते. आडनाव ऐकून कोणी टोमणा मारतो. कामावर अपमान गिळावा लागतो. अशा मुलाला वाटते, छाती काढून चाललो नाही तर लोक तुडवतील. हे समजून घेतले पाहिजे. पण बाहेरचा अपमान घरात बायकोवर, बहिणीवर, लहान भावावर निघतो तेव्हा त्याने गेलेला मान परत मिळत नाही. स्वाभिमान आणि दरारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वाभिमानी माणूस अन्यायापुढे मान झुकवत नाही आणि आपल्यापेक्षा कमजोर माणसाची मानही झुकवत नाही.

हे शिकवता येते, याचा अनुभव आपल्याजवळच आहे. चेंबूरच्या 'कोरो' संस्थेने मुंबईच्या वस्त्यांतल्या तरुणांबरोबर 'यारी दोस्ती' हा उपक्रम केला. तरुणच तरुणांशी मर्दपणा, हिंसा, शरीर आणि आजार यांवर बोलत. पुढे २००८ पासून कोरो, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी 'जेम्स' नावाचे वर्ग घेतले. घरकाम कोणी करायचे, मारणे म्हणजे काय, शरीर कसे बदलते, यांवर खेळांतून चर्चा झाली. घरकाम दोघांनी करायचे असते असे म्हणणारी मुले वाढली.

घरी काय करावे

१. मुलगा दहा वर्षांचा झाला की शरीरातल्या बदलांविषयी आधीच सांगा. वडिलांनी सांगितले तर उत्तम. वडील नसतील किंवा संकोच असेल तर मामा, काका किंवा मोठा भाऊ सांगू शकतो, आईनेही लाजू नये.

२. लिंग, वृषण, वीर्य हे शब्द हात, पाय, डोळा यांच्यासारखेच साधेपणाने वापरा.

३. रोज अंघोळीत लिंगाची पुढची कातडी सहज मागे जाईल तेवढीच सारून पाण्याने धुवायला शिकवा. जोर लावू नये. धुतल्यावर कातडी पुन्हा पुढे आणावी.

४. रडणाऱ्या मुलाला 'गप्प बस' म्हणण्याऐवजी 'काय झालं?' विचारा. उत्तर लगेच आले नाही तरी शेजारी बसून राहा.

५. ताट उचलणे, भांडी घासणे, पाणी भरणे ही कामे मुलगा-मुलगी दोघांना वाटून द्या.

६. वडिलांनी स्वतःचे दुखणे लपवू नये. बापाने रक्तदाब तपासून घेतला, दारू सोडायला मदत मागितली, तर मुलगा बघून शिकतो. पाचवे शील म्हणताना मुलांचे लक्ष आपल्या ओठांपेक्षा आपल्या हातांकडे असते.

मदत कुठे मिळेल

१० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी महाराष्ट्रातल्या अनेक सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहे. तिथे समुपदेशक असतात आणि सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवली जाते. केसपेपर काढताना विचारा किंवा आशाताईंकडे चौकशी करा. मन फार खचले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर सरकारच्या 'टेलिमानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येते. मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८.

हे पान घरातल्या मुलाच्या हाती द्या. त्याला मोठ्याने वाचायला लावू नका, एकट्याला वाचू द्या. वाचून झाल्यावर एवढेच सांगा, 'काही विचारायचं असेल तर मी आहे.' तो त्या दिवशी काही विचारणार नाही कदाचित. पण कुठे विचारायचे हे त्याला कळलेले असेल.