‘अगं, हे काय हिमालय आहे का?’

आमच्या लिंगेन मोहिमेचा वृत्तान्त पुण्यातल्या एका मेळाव्यात स्लाइड्ससकट सादर झाला म्हणे. ‘हवामानाने दगा दिला आणि एका सदस्याची मानसिक तयारी कमी पडली, म्हणून शिखर हुकलं,’ असं आमच्या नेत्यांनी, म्हणजे सरांनी, सांगितलं. टाळ्याही पडल्या. ती सदस्य मी. सगळ्यांना विमानतळावरून आणण्यापासून केबिन, गाड्या, फेरीबोटीच्या वेळा सगळं मी बघायचं, कारण मी नॉर्वेत राहते. आणि डोंगर मात्र सर बघणार, कारण त्यांच्या नावावर सहा हजारी शिखरं आहेत. तेव्हा आता माझी बाजू ऐका. त्यातून लिंगेनला निघालेल्या कुणाचा जीव वाचला तर तेवढंच बरं.

लिंगेन हे नॉर्वेत ट्रोम्सोच्या पूर्वेला, आर्क्टिक वृत्तापासून तीनशेहून जास्त किलोमीटर उत्तरेला असलेलं द्वीपकल्प. तिथलं सर्वांत उंच शिखर येक्केवारी, १८३४ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईहून दोनशे मीटरही जास्त नाही. आम्ही निवडलेला डोंगर तर बाराशेच्या आसपासचा. सरांच्या डोक्यात हा आकडा जो बसला तो शेवटपर्यंत उतरला नाही. काहीही सांगायला गेलं की ठरलेलं उत्तर : ‘अगं, हे काय हिमालय आहे का?’

नाही ना! हिमालय नाही, म्हणूनच तर सांगत होते. इथे चढाई समुद्राच्या काठावरून सुरू होते. बर्चची खुरटी झाडं थोड्याच उंचीवर संपतात आणि पुढे सगळं उघडं. हवा विरळ नाही, डोकं दुखत नाही, त्यामुळे सगळं सोपं वाटतं. पण अटलांटिकच्या कोमट पाण्यामुळे इथले फियॉर्ड, म्हणजे डोंगरांत घुसलेले समुद्राचे फाटे, सहसा गोठत नाहीत आणि हवा सारखी पालटते. एकाच आठवड्यात शिखरापर्यंत पाऊस पडतो, मग कडाक्याची थंडी पडते, मग वादळ येतं. त्या पावसाचा गोठून टणक थर होतो, त्याच्या आसपासचा बर्फ थंडीत जाड साखरेसारखा सुटा दाणेदार होतो आणि वर वारा नवा बर्फ आणून दाबून बसवतो. दिसायला पांढरंशुभ्र, पायाला घट्ट. खाली आधार काही नाही.

आम्हाला चढायची होती ती नाळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ, ईशान्येकडे तोंड करून होती. पायथ्याशी पंख्यासारखा पसरलेला उतार, मध्ये दोन कड्यांत आवळलेली चिंचोळी वाट, पंचेचाळीस अंशांपासून सुरू होऊन वर पन्नासच्याही पुढे जाणारी, आणि माथ्यावर बर्फाचा छज्जा. आदल्या दोन दिवसांत नैर्ऋत्येचा वारा घोंघावत होता. नैर्ऋत्येचा वारा बर्फ नेऊन टाकतो कुठे? ईशान्येच्या उतारावर. हे कळायला प्रमाणपत्र लागत नाही.

नॉर्वेत ‘वार्सोम’ नावाची सरकारी सेवा २०१३ पासून हिमस्खलनाचा अंदाज देते, इंग्रजीतही. दुसऱ्या दिवसाचा अंदाज दुपारी चारपर्यंत येतो. आमच्या भागासाठी धोक्याची पातळी ३ होती, कारण ‘वाऱ्याने बसलेला बर्फ’, आणि दिशा उत्तर ते पूर्व. मी जेवताना वाचून दाखवलं. सर म्हणाले, ‘पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास!’ सगळे हसले.

ही पट्टी परीक्षेच्या गुणांसारखी चढत नाही. प्रत्येक पायरीला धोका कितीतरी पटीने वाढतो, आणि जास्तीत जास्त माणसं मरतात ती तीनवरच, कारण चार-पाच असलं की शहाणी माणसं घरी बसतात. याच परिसरात, सोर्बमेगाइसा नावाच्या तेराशे मीटरलाही न पोहोचणाऱ्या डोंगरावर, मार्च २०१२ मध्ये एकाच हिमस्खलनात पाच जण गेले. हेही सांगितलं होतं. ‘जेवताना अभद्र बोलू नकोस,’ असं उत्तर मिळालं.

सरांचा सगळा हवाला पहाटेवर होता. ‘तीनला निघायचं, ऊन यायच्या आत नाळ संपवायची.’ हिमालयात बरोबर आहे. पण एप्रिल संपताना तिथे सूर्य चारच्या सुमारास उगवतो, आणि उगवतो तो पूर्वेला नव्हे, ईशान्येला. म्हणजे आमच्या नाळेच्या अगदी समोर! नकाशावर बोट ठेवून दाखवलं. ‘अंधारात चालायची सवय नाही का तुला?’ म्हणाले. अंधार होताच कुठे?

पंख्याच्या वरच्या टोकाला पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. मी मान वर केली. छज्ज्याच्या कडेला पिवळं ऊन लागलेलं, आणि तिथून बर्फाचे बारीक कण भुरभुरत खाली येत होते. सरांनीही वर पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. त्या क्षणी मला कळून चुकलं की यांनाही कळलं आहे. आणि हेही कळलं की आता पाच जणांसमोर ते परत फिरणार नाहीत. डोंगराची भीती मला फारशी वाटत नाही. त्या घड्याळाकडे पाहणाऱ्या माणसाची वाटली.

फावडं काढून मी एक खड्डा खणला, बर्फाचा चौकोनी खांब मोकळा केला आणि त्यावर फावड्याचं पातं ठेवून नुसत्या मनगटाने थापट्या मारल्या. थोड्याच थापट्यांत वरची दोन वीत जाडीची लादी सपाट कापल्यासारखी सुटून माझ्या पायावर आली. खाली दाणे. मूठभर दाणे मी सरांच्या हातमोज्यावर ठेवले. त्यांनी ते झटकले आणि क्रॅम्पॉनचा पट्टा आवळायला घेतला. ‘नाळेत वेगळं असतं,’ एवढंच बोलले. नाळेत वेगळं असतं खरं : वरून सुटलेलं सगळं एकाच वाटेने येतं आणि बाजूला व्हायला जागा नसते.

दोघे जण त्यांच्या मागे गेले. मी जाणार नाही म्हटल्यावर तर कुणी बोलेचना. शेवटी मीही गेले, कारण बर्फात लावायचे स्क्रू आणि दोरीचे तुकडे माझ्याच सॅकमध्ये होते आणि वर गेलेल्यांना उतरायला ते लागणार होते. याला मानसिक तयारी कमी पडणं म्हणत असतील तर म्हणोत. मी मात्र डाव्या कड्याला चिकटून चढले आणि बाकीच्यांनाही ओरडून तिकडेच घेतलं. सर मधोमध.

चिंचोळ्या भागात छज्ज्याचा एक तुकडा आला. मोठा नव्हता. आमच्यातल्या एकाच्या खांद्यावर आदळला आणि फुटला. तो कड्याखाली होता म्हणून नुसत्या मुक्या मारावर निभावलं. त्यानंतर मिनिटभरात सरांनी अ‍ॅक्स मारली आणि तिच्यापासून उजव्या कड्यापर्यंत एक तडा सर्रकन धावत गेला. बोटभर रुंद. कुणी श्वास घेईना. आणि सर काय म्हणाले? ‘खाली कोण हललं रे?’

हे वाक्य मी विसरणार नाही.

सर इंचाइंचाने कडेला आले. कड्यालगतच्या बर्फात स्क्रू लावून मी सगळ्यांना अडकवलं आणि एकेकाला उतरवलं. उतरताना सर एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या फेरीबोटीत, हातात कॉफी आल्यावर मात्र, ‘माथा दोनशे मीटरवर होता’ हे सुरू झालं.

आता कामाचं. कडा ज्या बाजूला उन्हाने तापतो तिथला बर्फ आतून पोकळ असतो. अ‍ॅक्सच्या दांड्याने ठोकून बघा, भदभद आवाज आला तर तिथे स्क्रू लावू नका. आखूड स्क्रूंवर वजन वाचवू नका. एक तरी वीस सेंटिमीटरच्या आसपासचा हवा, कारण उतरताना दोन तिरपी भोकं आत एकमेकांना भेटवून त्यातून दोरी ओवायची म्हणजे आखूड स्क्रू पुरत नाही. ही पद्धत घरी, हातमोजे घालून, शिकून या. पंख्याच्या तोंडाशी फोटोसाठी घोळका करू नका; वरून काही आलं तर ते तिथेच येऊन थांबतं. आणि होकायंत्रावर नाळेची दिशा बघून त्या तारखेला सूर्य कुठे उगवतो-मावळतो ते आधी काढा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून तर तिथे सूर्य मावळतच नाही, मध्यरात्री उत्तरेला असतो. उत्तरेची नाळ म्हणजे सावलीची नाळ हे आपलं गणित तिथे चालत नाही.

बीकन (गाडलेल्याचा माग काढणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), फावडं प्रत्येकाकडे. प्रत्येक म्हणजे नेताही. आमच्या सरांचं बीकन केबिनवर चार्जरशेजारी पडलेलं होतं. ‘चढाईत त्याचा काय उपयोग?’ बर्फाखाली गाडलेला माणूस जिवंत मिळायची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तेवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही, शेजारचाच माणूस खणतो. मदतीसाठी ११२. बाकी नेहमीचं : हातमोज्यांची जादा जोडी, गरम पाणी, विमा. तेवढं तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक. एलिझाबेथ मेन या बाईंनी १८९८ आणि १८९९ च्या उन्हाळ्यांत याच लिंगेनमधली कितीतरी शिखरं सर्वप्रथम चढली. त्यांचा उल्लेख सरांच्या स्लाइड्समध्ये नव्हता असं कळलं. बायकांच्या मानसिक तयारीचा होता.

पुढच्या वसंतात त्याच गटाची पुन्हा लिंगेन मोहीम आहे, नावनोंदणी सुरू आहे. जाणार असाल तर जा, डोंगर सुंदरच आहेत. फक्त आदल्या दिवशी चारनंतर वार्सोम उघडा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. नेता हसला, तर त्याच्या दोरीला स्वतःला बांधून घेऊ नका.