सर विल्फ्रिड लॉसन : हरले, पण हटले नाहीत

आजच्या पाठासाठी आम्ही ज्या गृहस्थांचे चरित्र निवडले आहे, ते कधी प्रधान झाले नाहीत. आणि ज्या कायद्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, तो त्यांच्या हयातीत झाला नाही. तरी त्यांच्यापासून आपणांस पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

सर विल्फ्रिड लॉसन यांचा जन्म इ. स. १८२९ मध्ये इंग्लंडातील कंबरलंड परगण्यात एका श्रीमंत जमीनदार घराण्यात झाला. १८५९ साली कार्लाइल शहरातर्फे ते पार्लमेंटात निवडून आले. १८६७ साली पित्याच्या मागे बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी त्यांना मिळाली. या पदवीने नावामागे ‘सर’ लागते. परंतु उमरावांच्या सभेत जागा मिळत नाही.

त्या काळी दारूच्या गुत्त्याचा परवाना मॅजिस्ट्रेट देत असत. मोठा जमीनदार आपल्या जमिनीवर गुत्ता होऊ देत नसे. पण गरिबाच्या दाराशी गुत्ता उघडला, तर त्याला कोणी विचारीत नसे. लॉसन म्हणत की, जो अधिकार धनवानास आहे तोच सामान्य जनांस मिळावा. म्हणून १८६४ साली त्यांनी एक बिल आणले. गावच्या करदात्यांपैकी दोनतृतीयांश लोकांनी मत दिल्यास तेथील दारूविक्री बंद व्हावी, एवढेच त्यात मागणे होते.

ते बिल मोठ्या बहुमताने फेटाळले गेले. पुढच्याच वर्षी लॉसन निवडणुकीतही हरले. परंतु १८६८ साली ते परत आले, आणि तेच बिल पुनःपुन्हा मांडू लागले. सभागृह हसे, तेही हसत, कारण त्यांची विनोदी वाणी विरोधकांनाही आवडे. मात्र मागणे त्यांनी सोडले नाही. अखेर १८८० साली त्याच तत्त्वाचा ठराव २६ मतांच्या आधिक्याने संमत झाला. १८८३ साली हे आधिक्य ८७ झाले. पण ठराव म्हणजे कायदा नव्हे!

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धास विरोध केल्यामुळे १९०० साली त्यांची जागा पुन्हा गेली. १९०६ च्या आरंभी लोकांनी त्यांना परत निवडले, आणि त्याच वर्षी जुलैच्या १ तारखेस ते मरण पावले. पुढे १९१३ साली स्कॉटलंडापुरता तसा कायदा झाला, व १९२० पासून तेथील काही गावांनी मते देऊन आपले गुत्ते बंद केले.

वाचकहो, पेरणारा एक व कापणारा दुसरा, असे पुष्कळदा घडते. आपल्या गावातील एखादे न्याय्य मागणे एकदा फेटाळले गेले म्हणून आपण ते सोडून देतो काय? आणि विरोध करणाऱ्यांशी आपण कडवटपणे बोलतो, की लॉसन यांच्याप्रमाणे हसतमुखाने? या दोन प्रश्नांचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा, अशी आमची विनंती आहे.