अपडेटच्या आदल्या दिवशी

सांगलीत २३ वर्षं मी अक्षरजुळणीचं काम करते आहे. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं हाताखालून गेलं. २०१६ च्या जुलैत एका निवृत्त शिक्षकांचं आत्मचरित्र माझ्याकडे होतं. त्यांचं वय ८१, पुस्तकाची पानं ३१२, दोन प्रुफं वाचून झालेली. विंडोज ७ वरून विंडोज १० वर मोफत जाण्याची मुदत त्या वर्षी २९ जुलैला संपत होती. २८ तारखेच्या संध्याकाळी मी मुख्य मशीनवर अपडेट सुरू केलं आणि घरी गेले.

सकाळी मशीन चालू झालं, पण मराठी फाँटचं सॉफ्टवेअर आपलं लॉक ओळखेना. लॉक म्हणजे यूएसबीत लावायची ती छोटी किल्ली. तिच्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडतच नाही. दुरुस्तीला आलेल्या मुलाला मी एवढंच म्हटलं, ‘पहिल्यासारखं करून दे.’ सगळा मजकूर डी ड्राइव्हवर आहे, हे त्याला सांगायचं राहिलं. त्यानं सगळी पार्टिशन काढून मशीन फॉरमॅट केलं.

हाती उरली सरांच्या घरची दुसऱ्या प्रुफाची प्रत, लाल शाईतल्या दुरुस्त्यांसह. तिच्यावरून सगळं पुस्तक आम्ही १९ दिवसांत पुन्हा जुळवलं. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तरी ते पुन्हा प्रूफ वाचायला बसले. एका शब्दानंही बोलले नाहीत. माझ्या मशीनमध्ये जे असतं ते लोकांनी विश्वासानं ठेवायला दिलेलं असतं, ही जाणीव मला त्या दिवसांत झाली. तेव्हापासून जे शिकले, ते इथे मांडते.

१. आधी वहीत यादी करा.
‘सगळं कॉपी केलं’ असं म्हणताना काहीतरी नेमकं राहतं. डॉक्युमेंट्स सगळ्यांना आठवतात. डेस्कटॉपवर तात्पुरत्या ठेवलेल्या फाइली, डाउनलोड्स, ई-मेल, ब्राउझरमधले बुकमार्क, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा हे आठवत नाही. आमच्या धंद्यात सर्वांत आधी फाँट. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. तो फाँट गेला की फाइल सुखरूप असूनही पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून फाइलीसोबत फाँट आणि जुन्या महत्त्वाच्या कामाची एक पीडीएफ प्रतही ठेवावी.

२. डी ड्राइव्ह ही वेगळी जागा नव्हे.
सी आणि डी हे बहुतेक मशीनमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच कपाटाचे दोन कप्पे. कपाट जळालं तर दोन्ही जळतात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ हा नियम मी पाळते: मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक वास्तूबाहेर. शेवटचा आकडा पुस्तकी वाटेल, पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या पेठांत शिरलं, तेव्हा मशीन आणि शेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क यांचं नशीब एकच होतं. आमची तिसरी प्रत मिरजेला बहिणीकडे होती. पाणी ओसरल्यावर काम तिच्यावरूनच सुरू केलं.

३. सिंक आणि बॅकअप यांत गल्लत करू नका.
गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडलेलं फोल्डर सोयीचं असतं. पण इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. इथे बिघडली की बिघडलेलीच वर जाते. या सेवांत ट्रॅश आणि जुन्या आवृत्त्या काही काळ मिळतात, तो काळ संपला की नाही. खरा बॅकअप मूळ फाइलीपासून सुटा असतो. म्हणूनच कॉपी पूर्ण झाली की मी एक्स्टर्नल डिस्क रीतसर इजेक्ट करून काढते, आणि मगच अपडेटचं बटण दाबते.

४. परत आणून पाहिल्याशिवाय तो बॅकअप धरू नका.
माझ्या लेखी हा सगळ्यांत मोठा धडा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसच पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. ऐन वेळी त्यांतली एकही नीट कामाला आली नाही. योगायोगानं काही तासांपूर्वी हातानं घेतलेल्या प्रतीवर ते सावरले, तरी सुमारे सहा तासांचा डेटा गेला. ही सगळी हकिकत त्यांनी स्वतःच जगासमोर मांडली, याबद्दल मला आदर वाटतो. जाणत्या लोकांचं असं होतं, तर आपण कॉपीची हिरवी पट्टी भरली म्हणून निर्धास्त कसं राहावं? डिस्क दुसऱ्या मशीनला लावा. पाच-सहा फाइली उघडा, त्यांत एक मोठी आणि एक जुनी असू द्या. पेन ड्राइव्ह जुन्या एफएटी ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जातच नाही, हेही अशा वेळी ध्यानात येतं.

५. किल्ल्या कागदावर ठेवा.
आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असते, आणि ते मालकालाच ठाऊक नसतं. अपडेटनंतर, विशेषतः बायोस बदलल्यावर, मशीन कधी कधी ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही उघडत नाही. ती की आधीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून शोधून वहीत उतरवा. सॉफ्टवेअरचे परवाना क्रमांक आणि पासवर्डही त्याच वहीत, आणि वही मशीनपासून दूर.

६. वेळ तुम्ही ठरवा.
अपडेटचे दोन प्रकार मनात वेगळे ठेवा. सुरक्षेचं मासिक अपडेट लांबवू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा ती फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, त्यांच्या फाइली अडकल्या. मोठी नवी आवृत्ती मात्र पहिल्याच दिवशी घेऊ नये. ऑक्टोबर २०१८ ची विंडोज १० ची आवृत्ती घेतल्यावर काही लोकांच्या फाइलीच नाहीशा झाल्या, आणि मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत तिचं वाटप थांबवावं लागलं. मी एखादा महिना वाट पाहते. दिवाळी अंकांची कामं चालू असतील, तर मोठ्या अपडेटला हातच लावत नाही.

७. वीज आणि जागा पाहा.
यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर आधी बदला. लॅपटॉप चार्जरला लावा. सी ड्राइव्हवर किमान २५-३० जीबी मोकळी जागा करा. प्रिंटर, लॉक, पेन ड्राइव्ह काढून ठेवा. पडदा काळा झाला म्हणून घाबरून बटण दाबून मशीन बंद करू नका.

८. परतीची वाट आधी आखा.
विंडोजची आवृत्ती बदलल्यावर साधारण १० दिवस मागे फिरता येतं, कारण जुनी प्रणाली विंडोज-ओल्ड या फोल्डरमध्ये राखलेली असते. जागा हवी म्हणून ते फोल्डर पहिल्याच आठवड्यात पुसू नका. सिस्टिम रिस्टोअरवरही फार विसंबू नका. ते प्रणालीच्या सेटिंग मागे नेतं, तुमच्या गेलेल्या फाइली आणत नाही. हाताशी ८ जीबीचा इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह आणि जमल्यास अख्ख्या डिस्कची इमेज असावी. आणि दुरुस्तीला कुणी आलं, तर डेटा कुठे आहे ते त्याला मशीन उघडण्याआधी सांगा. माझं पुस्तक वाचवायला तेवढं एक वाक्य पुरलं असतं.

९. लगेच कामाला जुंपू नका.
अपडेटनंतरचा पहिला तास तपासणीचा. लॉक ओळखतंय का, जोडाक्षरं नीट येताहेत का, जुन्या फाइलीतल्या ओळी पुढच्या पानावर सरकल्या तर नाहीत ना, प्रिंट बरोबर निघते का, हे एकेक पाहावं. जुना बॅकअप महिनाभर पुसू नये.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या आठवड्यात संपला. आम्ही तयारी जूनमध्येच केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. आमच्या तीनपैकी दोन मशीनमध्ये ती नव्हती. त्यांतलं एक बदललं. दुसरं इंटरनेटपासून कायमचं तोडून जुन्या फाँटांच्या फाइलींसाठी ठेवलं. २०१६ साली एका संध्याकाळी उरकलेल्या कामाला या वेळी मी चार दिवस दिले.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी मिरजेची डिस्क आणते, मशीनला लावते आणि तीवरची सरांची फाइल उघडते. मग पान १४७ वर जाते. त्यांनी आईबद्दल लिहिलेला परिच्छेद तिथे आहे. लाल शाईनं त्यांनी त्यात एक स्वल्पविराम वाढवला होता. तो जागेवर दिसला की मी डिस्क काढून पुन्हा मिरजेला पाठवते.